इंदूरच्या लॅबचा डेटाबेस अमेरिकेत का होता आणि मुंबईत का आणला

इंदूरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं हे प्रकरण आहे. नावं देत नाही, पण चित्र समजायला एवढं पुरेल: मेन लॅब इंदूरला, कलेक्शन सेंटर देवास, उज्जैन आणि महूला, सकाळी साडेसहापासून फास्टिंगवाल्यांची रांग आणि अकरापर्यंत कोणालाही मान वर करायला वेळ नाही. मालक डॉक्टर, हिशोब आणि ॲडमिन त्यांची सून बघते, सगळा स्टाफ तिला वहिनी म्हणतो म्हणून मी पण वहिनीच लिहितो. जुना सॉफ्टवेअरवाला काम सोडून गेला, सोर्स कोड मात्र देऊन गेला, आणि ते सांभाळायचं काम आमच्याकडे आलं. तक्रार एकच होती, पेशंट समोर उभा असतो आणि रिपोर्टची स्क्रीन उघडायला दहा सेकंद लागतात.

सगळ्यांचं निदान ठरलेलं होतं, "नेट स्लो आहे". त्यामुळे ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवून झाला होता, राउटर बदलून झाला होता, आणि फरक शून्य. फरक पडणारच नव्हता, कारण पाइप किती जाड आहे हा प्रश्नच नव्हता, पाइप किती लांब आहे हा होता. सॉफ्टवेअर डेस्कटॉपचं, प्रत्येक पीसीवर इन्स्टॉल केलेलं, आणि ते थेट इंटरनेटवरून मायएसक्यूएल ५.७ शी बोलायचं, आणि तो डेटाबेस होता अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, एका स्वस्त होस्टिंगवर. कधीतरी कोणीतरी किंमत बघून घेतला आणि तो तिथेच राहिला. वर पोर्ट ३३०६, म्हणजे डेटाबेसमध्ये शिरायचा दरवाजा, सगळ्या जगाला उघडा. पेशंटची नावं, फोन नंबर, एचआयव्हीचे रिपोर्ट, सगळं एका पासवर्डच्या भरवशावर! स्लो स्क्रीनपेक्षा मला याची जास्त भीती वाटली, आणि डॉक्टरांना मी पहिल्यांदा हेच सांगितलं.

आता अंतराचं गणित. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इंदूरपासून अमेरिकेचा पूर्व किनारा बारा-तेरा हजार किलोमीटर, म्हणजे अगदी सरळ रेषेत केबल टाकली तरी जाऊन-येऊन सव्वाशे मिलीसेकंद लागणार, यापेक्षा कमी कोणताही प्लॅन देऊच शकत नाही. आणि केबल सरळ नसतेच, ती किनाऱ्या-किनाऱ्याने समुद्राखालून फिरून जाते, त्यामुळे प्रत्यक्षात पिंग, म्हणजे एका फेरीचा वेळ, २४० मिलीसेकंदांच्या आसपास दिसत होता. एका प्रश्नाला पाव सेकंद, त्यात काय एवढं? पण स्क्रीन एक प्रश्न विचारत नव्हती.

आम्ही क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद, चालू करून एकच रिपोर्ट उघडला, सीबीसी, लिव्हर आणि लिपिड असलेला. आधी पेशंटचं नाव-वय, मग रेफर करणारा डॉक्टर, मग टेस्टची यादी, आणि मग प्रत्येक पॅरामीटरसाठी वेगळी क्वेरी: हिमोग्लोबिन किती, उत्तर आलं, मग डब्ल्यूबीसी किती, उत्तर आलं, मग प्लेटलेट. एकूण ४२. किराण्याची यादी एकदम न देता एकेक वस्तू विचारायला बेचाळीस वेळा दुकानात जाण्यासारखं हे आहे, आणि दुकान सातासमुद्रापार. ४२ गुणिले २४० मिलीसेकंद म्हणजे दहा सेकंद, अगदी बरोब्बर जी तक्रार होती ती. डेटाबेसला स्वतःला उत्तर काढायला एक-दोन मिलीसेकंद पण लागत नव्हते, तिथला सर्व्हर कितीही मोठा घेतला असता तरी काही झालं नसतं.

मी हा आकडा डॉक्टरांना कागदावर लिहून दाखवला आणि त्यांना तो लगेच पटला, पण त्यांचं उत्तर वेगळंच होतं. "अरे मग सोपं आहे ना, सर्व्हर इथेच ठेवू, मागच्या खोलीत, एसी आहे, यूपीएस आहे. आपला डेटा आपल्या डोळ्यासमोर." हे म्हणणं मी हलक्यात घेतलं नाही आणि कोणी घेऊ पण नये. मेन लॅबपुरतं बघितलं तर त्यापेक्षा जवळ डेटाबेस असूच शकत नाही, इंटरनेट गेलं तरी काम चालू, दर महिन्याचं बिल नाही. पण देवास, उज्जैन, महूचं काय? त्या सगळ्यांना मग मेन लॅबच्या फायबरमधूनच आत यावं लागणार, आणि शहरात मेट्रोचं आणि रस्त्यांचं खोदकाम चालू असताना ती लाइन तुटली की चारही ठिकाणं एकदम बंद. शिवाय डिस्क रात्री दोनला गेली तर कोण बदलणार, आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर त्याच नेटवर्कवरचा बॅकअप पण जाणार. मी विचारलं, "काका, तुमच्याकडे यासाठी माणूस आहे का, पगारावरचा?" नव्हता. तो विषय तिथे संपला, पण डोळ्यासमोर डेटा पाहिजे ही त्यांची इच्छा आम्ही वेगळ्या तऱ्हेने पूर्ण केली, ते पुढे येईल.

वहिनींच्या भाच्याने सुपाबेस नावाची तयार डेटाबेस देणारी सेवा सुचवली, फ्रीमध्ये. त्यांचा मुंबई रीजन (म्हणजे तिथल्या डेटा सेंटरचा गट) आहे आणि माल चांगला आहे, मी स्वतः वापरतो, पण एक तर ते पोस्टग्रेस आहे, मायएसक्यूएल नाही, म्हणजे जुना सगळा कोड बदला, आणि दुसरं म्हणजे फ्री प्लॅनमध्ये ऑटोमॅटिक बॅकअप नाहीत. पेशंटचा डेटा बॅकअपशिवाय ठेवणार का? नाही. पुढे बोलायची गरज नव्हती.

मग राहिले मोठे क्लाउड. २०१५ च्या आधी आपल्याकडचे लोक सिंगापूरला सर्व्हर घ्यायचे, कारण जवळ दुसरं काही नव्हतंच. आता तसं नाही. मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअरचे रीजन २०१५ मध्ये भारतात आले, एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनच्या क्लाउडचा) मुंबई रीजन जून २०१६ मध्ये, गूगलचा मुंबई २०१७ मध्ये आणि दिल्ली २०२१ मध्ये, एडब्ल्यूएसचा हैदराबाद नोव्हेंबर २०२२ मध्ये. नकाशा बघून ठरवू नका एवढं मात्र सांगतो. ॲझ्युअरचा सेंट्रल इंडिया नावाचा रीजन पुण्यात आहे, मध्य प्रदेशात नाही. आणि इंदूरहून पॅकेट आधी मुंबईला जातं की दिल्लीला हे तुमच्या इंटरनेटवाल्याच्या जोडण्यांवर असतं, किलोमीटरवर नाही. म्हणून प्रत्येक सेंटरवरून, सकाळच्या गर्दीच्या वेळी, प्रत्येक रीजनला पिंग करून बघायचं. आम्ही बघितलं, मुंबई सगळीकडून १५ ते २० मिलीसेकंदात होती, दिल्ली थोडी जास्त. खरं सांगायचं तर या दोनमधल्या फरकाने काही बिघडत नाही, २४० वरून वीसच्या खाली आलात की लढाई जिंकली. तिन्ही कंपन्यांपैकी एडब्ल्यूएस घेतलं ते आमच्या हाताला त्याची सवय आहे म्हणून. हे कारण लोक लिहीत नाहीत, पण रात्री काही अडकलं तर ज्याला उठायचंय त्याला जे नीट येतं तेच घ्यावं, मी हे अगदी ठासून सांगेन.

कायद्याचं पण आलं. कोणीतरी डॉक्टरांना सांगितलं होतं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने डेटा भारतातच ठेवावा लागतो. तो नियम, एप्रिल २०१८ चा, पेमेंटच्या डेटासाठी आहे, लॅबच्या रिपोर्टसाठी नाही. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा पण सरसकट डेटा बाहेर नेऊ नका असं म्हणत नाही, सरकार ज्या देशांवर बंधन घालेल तिथे नेता येणार नाही असं म्हणतो. म्हणजे नुसत्या कायद्यामुळे अमेरिका सोडणं भाग नव्हतं. पण सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे) एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, सायबर घटना झाली तर ६ तासात कळवा आणि लॉग १८० दिवस ठेवा, आणि त्या जुन्या होस्टिंगवर लॉग हातात मिळायचेच नाहीत. हे कारण मात्र खरं होतं.

पैशाचं वहिनींनी एकेक करून विचारलं आणि त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते. पहिला प्रश्न जीएसटीचा. क्लाउडच्या बिलावर १८ टक्के लागतो, बहुतेक धंद्यांना तो इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, म्हणून सॉफ्टवेअरवाले कोटेशन देताना "प्लस जीएसटी" असं सहज लिहून मोकळे होतात. पण लॅबची सेवा आरोग्यसेवा म्हणून जीएसटीतून मुक्त आहे, म्हणून क्रेडिट मिळत नाही, तो १८ टक्के थेट खर्च. दवाखाने, लॅब यांच्यासाठी तुलना करताना कर धरूनच करा. दुसरं, बिल रुपयात येतं पण दर डॉलरमध्ये ठरलेले असतात, तेव्हा बजेटमध्ये थोडी हवा ठेवावी लागते. तिसरं असं की ५.७ तसंच्या तसं उचलून आरडीएसवर (एडब्ल्यूएसच्या तयार डेटाबेस सेवेवर) ठेवलं असतं तर एक्स्टेंडेड सपोर्टचं वेगळं मीटर चालू झालं असतं, कारण आरडीएसवर त्या व्हर्जनचा नेहमीचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला. खूप जण इथे फसतात, जुनं व्हर्जन हलवलं की काम झालं असं वाटतं आणि मग बिल बघून धक्का बसतो. आम्ही थेट ८.४ घेतलं.

आता ज्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली ते. आरडीएसमध्ये मल्टी-एझेड घेतलं की दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये एक जोडीदार उभा राहतो, मुख्य पडला की साधारण एक-दोन मिनिटात तो काम हातात घेतो, आणि बिल जवळजवळ दुप्पट होतं. पुस्तकी उत्तर आहे की प्रॉडक्शनला हे घ्याच. पण या लॅबमध्ये जास्त वेळा काय बंद पडतं? मुंबईतला डेटाबेस की इंदूरची लाइन? लाइन, आणि त्याबद्दल कोणाला शंका नव्हती. म्हणून आम्ही सिंगल-एझेड, म्हणजे जोडीदाराशिवाय, घेतलं आणि वाचलेल्या पैशातून मेन लॅबला दुसऱ्या कंपनीची दुसरी लाइन घेतली, जी वेगळ्या खांबावरून येते, आणि सेंटरला फोरजीचे राउटर. वर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मशीनमधून निकाल जो केबलने पीसीवर येतो तो आधी त्याच पीसीवरच्या एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीतल्या छोट्या डेटाबेसमध्ये) उतरतो, मग तिथून मुंबईला जातो, नेट नसलं तर थांबून राहतो आणि आलं की पुढे जातो. बारकोड, पॅरामीटर आणि मशीनची वेळ यांची युनिक की ठेवली म्हणजे तेच दोनदा पाठवलं तरी दोनदा चढत नाही. डॉक्टरांना जे डोळ्यासमोर पाहिजे होतं ते हे, आजचे निकाल लॅबमध्येच दिसतात, काही झालं तरी. मुंबईतलं हार्डवेअरच गेलं तर रिस्टोअर होईपर्यंत तास-दीड तास कागदी स्लिपवर काम करावं लागेल, हे त्यांना स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं. हॉस्पिटलचा आयसीयू असता तर मी हा सल्ला दिला नसता.

डेटाबेसचं पोर्ट आता बाहेरून दिसतच नाही, सेंटर वायरगार्डच्या व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खाजगी बोगद्याने, आत येतात.

हलवताना जे निघालं त्यातलं एक सविस्तर सांगतो कारण जागेच्या निवडीचा असा पण परिणाम होतो हे कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या सर्व्हरचं घड्याळ तिथल्या वेळेवर होतं आणि सॅम्पलची वेळ डेटाटाइम कॉलममध्ये तशीच्या तशी साठायची. जुन्या कोडमध्ये दाखवताना साडेदहा तास मिळवले होते. हिवाळ्यात ते बरोबर येतं. पण मार्च ते नोव्हेंबर तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे वर्षातले सात-आठ महिने रिपोर्टवर सॅम्पलची वेळ एक तास पुढची छापली जात होती. टेक्निशियनला माहीत होतं, तो म्हणाला, "भिया, उन्हाळ्यात एक तास कमी धरायचा ना, सगळ्यांना माहितीये." सगळ्यांना म्हणजे लॅबमधल्या. बाहेरच्या फिजिशियनला कुठून माहीत असणार? जेवणानंतरची शुगर दोन तासांनी घेतलीये की तीन, हे तो त्या वेळेवरून बघतो.

दुरुस्ती सरळ वाटली, मायएसक्यूएलच्या कन्व्हर्ट-टीझेडला (वेळेचा झोन बदलून देणारं फंक्शन) न्यूयॉर्क आणि कोलकाता हे झोन नावाने दिले की उन्हाळा-हिवाळा तो स्वतः बघतो. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ रात्री दोनला परत एकवर येतं, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा होतो. तेव्हा इंदूरला रविवार सकाळचे साडेदहा ते साडेबारा. म्हणजे लॅबच्या गर्दीच्या दिवशी दोन तासांची सॅम्पल एकाच तासात घुसलेली, आणि कोणतं आधीचं कोणतं नंतरचं हे वेळेवरून कळायला मार्गच नाही. सुदैवाने आयडी क्रमाने वाढणारा होता, त्या क्रमात वेळ जिथे अचानक मागे जाते तिथे रेघ मारली, रेघेच्या आधीच्यांना साडेनऊ तास आणि नंतरच्यांना साडेदहा. दर वर्षाच्या त्या एका रविवारसाठी हे हाताने तपासलं. नवीन डेटाबेसमध्ये सगळं यूटीसीत (जगाच्या प्रमाणवेळेत) साठतं आणि इंदूरची वेळ फक्त दाखवताना लागते.

बाकीच्या अडचणी लवकर सुटल्या. टेस्टचा क्रम ठेवायला रँक नावाचा कॉलम होता आणि मायएसक्यूएल ८ पासून तो राखीव शब्द आहे, त्यामुळे अर्ध्या क्वेरी पडल्या, नाव बदललं. डंपमधल्या (डेटाबेसच्या पूर्ण नकलेतल्या) व्ह्यू आणि ट्रिगरवर (साठवलेल्या क्वेरी आणि आपोआप चालणारा कोड) डिफाइनर, म्हणजे मालक, म्हणून रूट हा सर्वाधिकारी युजर लिहिलेला होता, आरडीएसवर तसे अधिकार मिळत नाहीत, ते काढलं. जुन्या डेस्कटॉपचा ड्रायव्हर नव्या पासवर्ड पद्धतीशी बोलेना, तो बदलला. आणि डेटाबेसचा मोठा भाग होता छापून झालेल्या रिपोर्टच्या पीडीएफ, टेबलमध्येच भरलेल्या! त्या एस-थ्रीवर, एडब्ल्यूएसच्या फाइल साठवायच्या सेवेवर, हलवल्या, कारण डेटाबेसची जागा त्या मानाने खूप महाग असते आणि मोठा डेटाबेस रिस्टोअर व्हायला पण वेळ लावतो. हे आधी करून ठेवलं म्हणून प्रत्यक्ष डेटा रविवारी दुपारी लॅब बंद झाल्यावर हलवून संध्याकाळपर्यंत संपला.

बॅकअपचं मी कोणाला सेटिंगवर विश्वास ठेवू देत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा कळलं की त्यांचा रोजचा डंप चुकीच्या व्हर्जनच्या टूलमुळे गुपचूप फेल होत होता, सुमारे सहा तासांचा डेटा गेला, आणि ती माणसं या कामातली तरबेज होती. म्हणून आम्ही वहिनींना समोर बसवून रिस्टोअर केला, मंगळवारी सकाळी नऊ पाचची स्थिती परत आणा असं ठरवून. आरडीएस साधारण शेवटच्या पाच मिनिटांपर्यंतच्या कोणत्याही क्षणाला परत नेतो, पण तो जुन्यावर लिहीत नाही, नवीन इन्स्टन्स, म्हणजे वेगळा सर्व्हर, उभा करतो, नवीन पत्त्यावर. म्हणजे सगळ्या पीसींना नवा पत्ता कळला पाहिजे, म्हणून मधे आपलं एक डीएनएस नाव ठेवलं, पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं. सिक्युरिटी ग्रुप (कोणाला आत सोडायचं त्याची यादी) सांगितला नाही तर डिफॉल्ट लागतो आणि मग कनेक्शनच होत नाही. आणि सुरुवातीला तो हळू चालतो कारण डेटा मागून हळूहळू उतरत असतो, तेव्हा घाबरून परत रिस्टोअर करू नका. हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून वहिनींच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, आता ते दर तिमाहीला करायचं.

एक कॉपी हैदराबादला पण जाते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांच्यापैकी कित्येकांचं सगळं गेलं, तेव्हापासून दुसऱ्या शहरातली कॉपी ही माझी अट असते. हैदराबाद रीजन अकाउंटमध्ये आधी चालू करावा लागतो आणि स्नॅपशॉट (बॅकअपची कॉपी) एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असेल तर तिथली वेगळी चावी लागते, हे दोन्ही आधीच करून ठेवा, संकटाच्या दिवशी नको.

आता रिपोर्टची स्क्रीन एका सेकंदाच्या आत उघडते. क्वेरी अजून ४२ च आहेत, ४२ गुणिले १७ मिलीसेकंद म्हणजे पाऊण सेकंद, लोकांना चालतंय, त्यामुळे कोड बदलायची घाई केली नाही. पण डेस्कटॉपने थेट डेटाबेसशी बोलणं मला पटत नाही. मुंबईत डेटाबेसच्या शेजारी एक छोटा एपीआय (मधला निरोप्या प्रोग्रॅम) उभा करतोय, तो त्या ४२ गोष्टी तिथल्या तिथे गोळा करेल, जिथे एका फेरीला एक मिलीसेकंद पण लागत नाही, आणि सेंटरला एकच उत्तर पाठवेल. डॉक्टर म्हणाले चालतंय तर कशाला. मी म्हटलं, काका, उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे, तेव्हा तिथल्या मोबाइल नेटवर्कवर किती माणसं असतील याचा विचार करा, फोरजीवर पिंग दोनशे-तीनशेला गेला की उज्जैनच्या सेंटरला परत ते दहा सेकंद दिसतील. मग ते हो म्हणाले. उज्जैनचं सेंटर पहिलं एपीआयवर जाईल, त्यानंतर देवास आणि महू, मेन लॅब शेवटी.